बाळव्वाच्या देव्हाऱ्यातलं नाव

खोटं कशाला बोलू, गेल्या भाद्रपदात मी अक्कलकोटाकडे गेलो तो देवदर्शनासाठी नव्हे, बायोस्कोपपायी. आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेतली माणसं तिकडे जातात ती गुरुवार धरून आणि नारळ घेऊन. मी निघालो सोमवारी, आणि पिशवीत होती चिंच, जुन्या धोतराचा तुकडा आणि चष्मा. ज्यांना पुढेमागे त्या वाटेनं जायचं असेल त्यांनी गाडीचं आणि खाण्यापिण्याचं तेवढं वाचून घ्यावं. बाकीचं सोडलं तरी चालेल, पण सोडू नये असं मला वाटतं.

माझं पेठेत घोंगड्यांचं दुकान. अक्कलकोटापलीकडच्या एका वाडीवरचा बिरू धनगर दर दोन-तीन महिन्यांनी गाठोडं घेऊन येतो. भावावरून आमची घासाघीस होते, मी त्याला लुटारू म्हणतो, तो मला अप्पा म्हणतो आणि शेवटी माझ्याच घरी जेवतो. त्या रविवारी त्यानं आयुष्यात बायोस्कोप पाहिला नाही असं कळलं, तेव्हा मी त्याला दुपारच्या खेळाला नेलं. चित्र विलायती होतं, लढाईचं. पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून मोठ्यानं गोष्ट सांगत होता, आणि बंदुका सुटल्या की स्वतःच तोंडानं आवाज काढत होता.

गोष्ट साधी. एक शिपाई नदीकाठी आपल्या लोकांना वाचवताना पडतो, कौतुक भलत्याचंच होतं, आणि त्याचा एक सोबती वर्षानुवर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवतो. शेवटी एक साहेब त्या शिपायाच्या म्हाताऱ्या आईच्या झोपडीत येतो आणि तिच्या हातात तळहाताएवढी गोल चकती ठेवतो. ती चकती पडदाभर दिसली. उभी बाई, हातात त्रिशूळ, पायाशी सिंह. मी डोळे पुसत होतो, लपवत नाही. तेवढ्यात बिरूनं माझं मनगट धरलं.

"अप्पा, ही तर आमची देवी. आमच्या देव्हाऱ्यात हाय की."

बाहेर आल्यावर रस्त्याकडेला बसून त्यानं सगळं सांगितलं. त्याचा थोरला भाऊ मायाप्पा जर्मनच्या लढाईत खेचरवाला म्हणून अरबस्तानात बसऱ्याकडे गेला. लग्नाला दोन वर्षं झाली होती. पुढं ना पत्र, ना निरोप. लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली तेव्हा पाटलानं बाजारच्या दिवशी बापाच्या हातात एक पाकीट दिलं. आत कसलासा कागद आणि ही देवी. कागद कुणाला वाचता येईना, पुढं वाळवीनं तो खाल्ला. पण देवी तर डोळ्यांनी दिसत होती. सिंहावरची, त्रिशूळवाली, तुळजापूरची भवानी. बाप म्हणाला, पोरानं परदेशातनं देवी धाडली. देव्हाऱ्यात बसवली, गावाला पुरणपोळी घातली. देवी आली, पोरगा आला नाही, वाट बघत बापही गेला. मग लोक बोलायला लागले की मायाप्पानं तिकडं दुसरी बाई केली, आणि घरच्यांचं तोंड गप करायला देवी पाठवली.

"वैनी तेच धरून बसलीया," बिरू म्हणाला. मग विचारलं, "अप्पा, ती चकती मेलेल्या मानसाच्या घरीच देत्यात व्हय?"

मी लढाईत अडीच वर्षं बसऱ्याला कारकून होतो. अशा चकत्या आमच्या सोलापुरातल्या दोन घरांत मी पाहिल्या आहेत. त्यावरची बाई म्हणजे विलायत देशाचंच रूप. म्हटलं, "व्हय. पण तुमची तीच आहे का, ते बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. कडेनं नाव असतं."

"कडंनं नक्षी हाय. हळदकुंकवानं भरलीया. तुमीच येऊन बघा. माझ्या तोंडातनं त्ये निघायचं न्हाय."

घरी सांगितलं तर बायको पोळपाट आपटून म्हणाली, "त्या बाईचं कुंकू पुसायला आगगाडीचं तिकीट काढून जाताय होय?" मी पिशवी भरत राहिलो. तिनं मात्र दोन दिवसांच्या कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी आणि लसणाचा ठेचा बांधून दिला. आमच्याकडे भांडण आणि शिदोरी बरोबरच मिळते.

सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. तिसऱ्या वर्गाला सात-आठ आणे पडतात. होटगीला गाडी बरीच थांबते, कारण तिथं विजापूरकडचा फाटा आहे. तिथला चहा घ्यावा, भजी घेऊ नयेत. मी दोन्ही घेतलं आणि दुपारपर्यंत पस्तावलो. एक सूचना: स्टेशनाचं नाव अक्कलकोट रोड असलं तरी गाव तिथून सहा-सात मैल आहे. नवखा माणूस उतरतो, गाव शोधतो आणि समोर बाभळी दिसतात. बैलांची दमणी हाकणारे लगेच गाठतात. सांगतील त्याच्या निम्म्यानं सुरुवात करावी. आमच्या दमणीवाल्याशी मी कानडीत बोललो तसा तो भाव खाली आला. त्या भागात कानडी दोन-चार शब्द येत असतील तर पैसेही वाचतात आणि पाणीही गार मिळतं.

वाटेत दोन्हीकडे बाजरी उभी होती आणि तूर हातभर आली होती. बिरू एरवी बडबड्या, पण त्या दिवशी बैलाच्या शेपटीकडे बघत बसला. एकदाच म्हणाला, "कागद आमच्या घरी आधी का न्हाय आला, अप्पा?" मला कारण ठाऊक होतं, कारण बसऱ्याला असे फॉर्म मी स्वतः भरले आहेत. मुक्काम कुठला विचारलं की धनगराची पोरं त्या महिन्यात मेंढरं जिथं बसली असतील त्या गावाचं नाव सांगत. त्यांच्या हिशेबी तेच घर. दिवाळीनंतर कळप भीमेकडे गेला की पत्र त्या गावात जाऊन परत फिरे. टोपीवाल्या साहेबाला हे कोण समजावणार? मी तरी समजावलं नाही. फॉर्म भरला आणि पुढच्याला हाक मारली. हे आठवून मला माझीच लाज वाटली, आणि बिरूला तसं सांगितलंही. तो म्हणाला, "तुमाला तरी काय ठावं."

रात्र अक्कलकोटात मठाजवळच्या धर्मशाळेत काढली. जागा स्वच्छ, ढेकूण बेताचे. दुपारच्या प्रसादाला पंगत बसते, पण आम्ही उशिरा पोचल्यानं शिदोरीच सोडली. सकाळी दर्शन घेतलं आणि प्रामाणिकपणे सांगतो, मी मागणं मागितलं की चकतीवर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव निघू दे.

वाडी तिथून पायी दोन तासांवर. ओढा ओलांडताना वहाणा हातात घ्याव्या लागतात. वाडीत सात-आठ घरं, पुढं काटेरी वाडगी, आणि मेंढरांचा वास एवढा की कपडे घरी आल्यावर तीनदा धुवावे लागले. पाऊसकाळात सगळी घरी असतात म्हणून माणसं भेटली. दिवाळीनंतर गेलात तर कुलूपसुद्धा दिसणार नाही, कारण कुलूप नसतंच.

बाळव्वा, म्हणजे मायाप्पाची बायको, मेंढी पिळत होती. पस्तिशीची असेल. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. न उठताच तिनं कानडीत या-बसा केलं, "बर्री अप्पा, कूडरी." मग मराठीत, "गावात पावनं आलं की दूध आटतंय, जरा दम धरा." मेंढीचं दूध मी त्याआधी कधी प्यालो नव्हतो. दाट असतं, गोड असतं, आणि पोटाला जड. नाही म्हणू नये.

बिरू खाली बघत कोपऱ्यात बसला. मीच म्हटलं, "अक्का, तुमची देवी बघायला आलोय."

"बघा की. तिला काय, ती बसलीया मजेत. धाडणारा बी मजेत आसंल तिकडं, बसऱ्याच्या बाईच्या हातचं खात." हे ती इतक्या सहज बोलली की रोजचं आहे हे कळलं.

देव्हारा म्हणजे भिंतीतला कोनाडा. बिरोबा, खंडोबा यांचे लहान टाक आणि मधोमध ती. हळदकुंकवाचे थर चढून नुसता लाल गोळा झाला होता. बोटाच्या एका पेराएवढा सिंह तेवढा उघडा होता. मी म्हटलं कडा धुवायची आहे. ती म्हणाली, "देवी मीच धुनार, दुसऱ्याचा हात न्हाय लागू द्यायची." मी चिंच पुढं केली. तिनं परातीत पाणी घेतलं, चिंच कोळली आणि मांडी घालून घासायला बसली. लाल पाणी परातीत उतरत होतं आणि मी चष्मा लावून बसलो होतो.

आधी त्रिशूळ निघाला. मग बाईचा चेहरा. मग उजवीकडे चौकटीत उठावाची इंग्रजी अक्षरं, एकेक. मी मनात वाचत गेलो. पहिलं अक्षर आलं तेव्हाच समजलं, तरी शेवटपर्यंत वाचलं. मायाप्पा. खाली बापाचं नावसुद्धा नव्हतं आणि हुद्दाही नव्हता. त्या चकत्यांवर साहेब असो की खेचरवाला, नुसतं नाव असतं.

"काय लिवलंय?" तिनं विचारलं. बिरूनं तोंड फिरवलं.

मी म्हटलं, "अक्का, ही देवी नाही. सरकारनं दिलेली खूण आहे. लढाईत जो मेला त्याच्या घरी देतात. यावर मायाप्पाचं नाव आहे. तो लढाईतच गेला."

ती चकतीकडे बघत राहिली. बाहेर एक कोकरू ओरडत होतं, त्याला कुणी गप करेना.

"कवा?"

"ते लिहिलेलं नाही. पण लढाई चालू असतानाच."

"म्हंजे ही आली तवा त्यो न्हवताच."

"नव्हता."

"मग बसऱ्याची बाई?"

"कुणी नव्हती, अक्का. लोकांनी रचलेलं."

तिनं ओल्या चकतीवर पदर फिरवला, एकदा नव्हे, चार-पाचदा. मग म्हणाली, "त्यानं मला टाकलं न्हाय." हे ती आम्हाला सांगत नव्हती. पुन्हा म्हणाली, "बिरू, त्यानं मला टाकलं न्हाय रं." आणि मग तिला रडू फुटलं. बिरू उठून तिच्यापाशी जाऊन बसला. मीही रडलो. पन्नाशीच्या माणसानं परक्याच्या घरी रडू नये म्हणतात, पण माझा इलाज नव्हता.

मग तिनं डोळे पुसले. "अप्पा, आठ वरसं झाली ही घरात येऊन. रोज सकाळी हिच्याम्होरं हुबी ऱ्हाऊन मी त्याला शिव्या घातल्या. म्हनलं देवी, त्याचं वाटुळं कर. त्याच्या अंगाला किडं पडू दे. रोज, अप्पा. एक दिस चुकवला न्हाय. आन् त्यो हितंच बसून ऐकत हुता."

मी म्हटलं, त्याला राग आला नसेल. ती म्हणाली, "त्याला राग लई यायचा," आणि रडतारडता किंचित हसली.

कडेनं आणखी अक्षरं होती. बिरूनं विचारलं तेव्हा तीही वाचली, की हा स्वातंत्र्यासाठी आणि मानासाठी मेला. बिरू म्हणाला, "कुनाच्या?" मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही. दुपारी वाडीतली माणसं जमली. मी उभा राहून नाव मोठ्यानं वाचलं, दोनदा. पहिल्यांदा ज्या म्हाताऱ्यानं बसऱ्याच्या बाईची गोष्ट उठवली होती, तो मागं उभा होता. तो पुढं आला आणि बाळव्वाच्या पायाशी पागोटं ठेवलं. ती म्हणाली, "उचला, मामा, चिखल लागंल." जेवण झाल्यावर पेन्शनीचा अर्ज लिहिला आणि आम्ही संध्याकाळच्या आत ओढा ओलांडला.

घरी आल्यावर बायकोनं पहिलं हेच विचारलं, "पुसलंत कुंकू?" मी झालं ते सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "बरं केलंत," आणि ताट वाढायला उठली. मला मात्र कित्येक दिवस झोपताना शंका येत असे. बाईला तिचा राग तरी होता, तोही मी काढून घेतला की काय?

दसऱ्यानंतर बिरू गाठोडं घेऊन आला. मायाप्पाचं कार्य झालं होतं, गाव जेवलं होतं. चकती देव्हाऱ्यातच ठेवली आहे, नाव वर येईल अशी, आणि आता तिला हळदकुंकू लावत नाहीत.

"आणि वैनी? सकाळी अजून शिव्या घालते का?"

"न्हाय," बिरू म्हणाला. "सकाळी त्याच्याम्होरं बसती आन् सांगत बसती. कंची मेंढी व्याली, कंची लंगडती, लोकर किती निघाली. तेरा वरसांचं सांगायचं ऱ्हायलंय म्हनती. सध्या दुसऱ्या वरसापातूर आलीया."