मॅचिंगकाकूंचा लाल

ब्लाउजपीस घ्यायला जाताना साडी सोबत नेणं म्हणजे मॅचिंगकाकूंच्या मते स्वतःच्याच डोळ्यांवर अविश्वासाचा ठराव आणणं होतं. इंदूरच्या सुदामा नगरात त्या आमच्या समोर राहायच्या. साडी एकदा नीट बघायच्या, कपाटात टाकायच्या आणि रिकाम्या हातानं मल्हारगंज गाठायच्या. दुकानदार लाल ठाणांचा डोंगर रचायचा, काकू मान हलवत राहायच्या. "हा कुंकवाचा. हा मिरचीचा. हा लाजलेल्या मिरचीचा. भिया, नवरी सजवायची आहे, सिग्नल नाही!" शेवटी दुकानदार भिया सगळ्यात खालचं ठाण काढायचा. घरी येऊन ते साडीवर ठेवलं, की साडी कुठं संपते नि ब्लाउज कुठं सुरू होतो हे सांगायला सरकारी मोजणीवाला बोलवावा लागे. इंदुरातल्या निम्म्या मराठी मुली काकूंच्या नजरेच्या भरवशावर बोहल्यावर चढल्या. उरलेल्या निम्म्यांचे फोटो बघवत नाहीत.

या मोहिमांवर स्कूटर माझी असायची. "दिल्या, तुझं मत नको, पेट्रोल तेवढं भर," ही माझी नेमणूक.

काकूंना थायरॉइड होता, आणि तोही जरा जास्तच कामसू. त्याला त्यांनी जावयासारखं वागवलं, म्हणजे मान द्यायचा पण ऐकायचं नाही. गोळी आठवली तर घ्यायच्या. वजन उतरलं, हात थरथरू लागले, तर म्हणाल्या, "फिगर बनतेय यार माझी, बघवत नाही का तुला?" मग डोकं दुखू लागलं, ते थांबेचना. डोळ्यांच्या मागे कुणी बिऱ्हाड थाटून दिवसभर खिळे ठोकतंय, असं सांगायच्या. इंदुरात असं मोठ्यानं सांगू नये, अख्खं शहर दवाखाना उघडतं. कुणी म्हणालं, पोहे कमी पडतायत. कुणी म्हणालं, उपाशीपोटी गरम जलेबी खा. कुणी दृष्ट काढली. काकूंनी सगळे उपाय केले, त्यातले पहिले दोन तर अत्यंत निष्ठेनं. चष्मेवालाही नंबर बदलून देत राहिला. ड्रॉवर उघडला की पाहुण्यांना वाटे, काकूंनी चष्म्यांचा धंदा टाकला.

डोळे मात्र दिवसेंदिवस असे वटारल्यासारखे दिसू लागले, की भाजीवाले काही न विचारता भाव उतरवायचे. काकूंना हा फायदा फार आवडला. एकदा स्कूटरवर मागून ओरडल्या, "अरे, दोन गायी आहेत, मधून काढ ना!" गाय एकच होती. मी मधून काढली नाही म्हणून आज हे लिहितो आहे.

"काकू, थायरॉइडच्या डॉक्टरांना दाखवू या," मी म्हटलं.

"थायरॉइड गळ्यात असतो, डोकं त्याच्या वर. एवढंही नाही कळत तुला?"

शरीरशास्त्राचा निकाल लागला. मग आमच्या पुतणीचं लग्न आलं. काकूंनी ब्लाउजपीस आणला, तो साडीशेजारी ठेवला. साडी लालबुंद, पीस विटेसारखा. कुणीतरी हळूच म्हणालं, "काकू, आता साडी सोबत नेत जा." काकू तडक मल्हारगंजात.

"रंग उडालेला माल खपवतो? सगळे लाल धुतल्यासारखे!"

"काकूजी, नया माल है, कल ही आया।"

"मग कल ही धुतला असशील!"

त्या दिवशी परत येताना काकू मागे बसून तो पीस पुन्हा पुन्हा उन्हात धरून बघत होत्या. मला गायीपेक्षा त्याची भीती वाटली.

महाराष्ट्रातून नव्यानं आलेल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना पडद्यांचा रंग निवडून हवाय, अशी थाप मारून मी काकूंना दवाखान्यात नेलं.

"आजी, हनुवटी इथे टेकवा."

"आजी कोणाला म्हणते? आणि पडदे कुठंयत?"

बाई हसल्या. थेंबांच्या बाटलीचं लाल बूच समोर धरून म्हणाल्या, "हा रंग कोणता?"

"लाल होता कधीकाळी. ऊन लागलंय."

बाईंनी त्यांचा उजवा डोळा झाकला. "आणि आता?"

"आता तर पार गाजराचं पाणी."

बाईंचं हसू गेलं. "आजी, थायरॉइडच्याच आजारानं डोळ्यांमागचे स्नायू सुजलेत. डोकं दुखतं, एकाचे दोन दिसतात, ते त्यामुळंच. आता ते नजरेची नस दाबतायत. आधी रंग जातो, मग नजरही जाऊ शकते. आजच भरती व्हा."

काकूंनी ते बूच हातात घेऊन उलटसुलट केलं. मग म्हणाल्या, "म्हणजे भियाचा माल खराब नव्हता?"

सलाइनमधून औषधं झाली, डोळ्यांमागे जागा करायचं ऑपरेशन झालं, गोळी घड्याळ लावून सुरू झाली. नजर वाचली. गाय पुन्हा एक झाली, डोकेदुखी थांबली. रंग तेवढे पुरते परत आले नाहीत, लाल तर नाहीच. काकू दुकानात जाऊन माफी मागून आल्या, म्हणजे त्यांच्या पद्धतीनं. "माल तुझा ठीक होता. भाव मात्र तेव्हाही ज्यास्तच होता." त्यानंतर त्यांनी कुणासाठी लाल निवडला नाही. लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली.

यंदा माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मल्हारगंजात शालू पसरलेला होता, मी काकूंना फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"फोटो काय पाठवतो, माठ्या! मला तो धुतलेलाच दिसणार. तू सांग."

"लाल आहे, काकू."

"हे तर आंधळाही सांगेल. बघ ना नीट!"

मी शालू दाराशी उजेडात नेला. गिऱ्हाइकं खोळंबली, भिया ताटकळला. मी बघत राहिलो.

"काकू, जास्वंद संध्याकाळी मिटायला लागते ना, तिच्या आतल्या बाजूसारखा."

"आणि काठापाशी?"

"तिथं जरा काळसर. विस्तवावर राख धरायच्या आधी असतो तसा."

पलीकडे काकू जास्वंद, विस्तव, राख असं स्वतःशी पुटपुटल्या.

"हां," काकू म्हणाल्या, "दिसला. बांधायला सांग भियाला."