टेपच्या अलीकडे

पांढऱ्या चकतीला मी बोट लावलं. तेही जवसाची चटणी-भाकर खाऊन, हात न धुता. चूक माझीच.

तेलंगणातल्या आदिलाबादच्या एका कॉलेजात मी प्रकल्प सहायक होतो. काम ऐकायला मोठं. मंगळाभोवती फिरणारं यान खालून परत येणारा उजेड मोजतं. प्रत्येक खनिज उजेडातला आपापला वाटा खातं, आलेखात तिथं खड्डा पडतो. खड्डा किती खोल, त्यावरून खनिज किती असेल याचा अंदाज. तो अंदाज ताडून बघायला आम्ही इकडचा काळा दगड कुटून मोजायचो. कशाशी? त्या तळहाताएवढ्या चकतीशी. ती शंभर टक्के पांढरी. बाकी सगळे तिच्यापुढे काळे.

खोलीही आतून काळी. खिडक्यांना काळं कापड. भुकटी उडते म्हणून भर मे महिन्यात पंखा बंद. अंगात कपडेसुद्धा काळेच हवेत. माझी तर कातडीपासून तयारी होती.

त्या दिवशी आलेखात खड्डा पडायचा तिथं टेकाड आलं. मी पळत सरांकडे. "सर, नवीन खनिज सापडलं."

सरांनी चकती कडेनं धरून उजेडात तिरपी केली. माझ्या बोटाचा तेलकट ठसा. चकतीच डागाळलेली, तर तिच्याशी मोजलेला दगड खोटं बोलणारच. मी मंगळावर जवसाचं तेल शोधलं होतं.

सरही मराठीच, पण तीन पिढ्या शहरात, नोकरीत. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, हे त्यांनी पहिल्याच दिवशी आडनावावरून हेरलं होतं. सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "बाटवलीस ना चकती? खनिजाला तुझ्या वस्तीचंच नाव देऊ या."

सगळे हसले. मीही हसलो. सगळ्यात मोठ्यानं मीच. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

चकती सँडपेपरनं पाण्याखाली घासली. पाच मिनिटांत शुद्ध. माझ्यासाठी मात्र सरांनी टेबलावर पिवळी टेप चिकटवली. "तुझा हात याच्या अलीकडे."

दगड मी कुटायचा, मी चाळायचा, टेपपर्यंत सरकवायचा. पुढचं दुसरे करणार. दर सहा महिन्यांनी नोकरीला मुदतवाढ, ती सरांच्या सहीनं. जाणार कुठं? वर्षभर बसलो. घाम पुसायचा तोही कोपर आवरून.

मग हैदराबादहून पाहुणे आले. सरांनी समोसा खाल्लेल्या हातानं चकती उचलून त्यांना दाखवली. मी टेपच्या अलीकडून बघत होतो. दुसऱ्या दिवशी आलेखात तेच टेकाड.

सरांनी नोंदवही पुढं केली. तिच्यावर मुदतवाढीचा कागद. "लिही, सहायकाच्या स्पर्शामुळे चकती दूषित. तू सही कर, मग मी करतो."

पेन हातात. दार बंद. उकाडा. नजर टेपवर गेली. वर्षभर जिनं मला अडवलं, तीच आता माझी साक्षीदार. हा हात पलीकडे गेलाच नव्हता.

लिहिलं. 'चकतीला बोट सरांचं. सहायकाचा हात टेपच्या अलीकडे होता.' खाली सही.

"खोड ते."

"नाही खोडत, सर."

मुदतवाढ मिळाली नाही. वहीच्या पानांवर नंबर आहेत, पान फाडलं तर दिसतं. निघताना टेप मी नखानं उपटली. पुरी निघाली नाही.

आता माझी चूक माझी म्हणीन, चारचौघांत म्हणीन. दुसऱ्याची माथी घेणार नाही. आणि कोणी 'बाटवलीस' म्हटलं, तर हसणार नाही.

घरी आईला सगळं सांगितलं. ती ज्वारी पाखडून राह्यली होती. सूप थांबलं.

"बरं केलं," म्हणाली. मग सूप पुन्हा हलवत, "पन भाकर खाल्ल्यावर हात धुवा लागते, हे सांगाले मंगळावून मानूस येनार होता काय रे?"