हिरवं बटण आणि सुनंदावहिनी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला मी बारावीचे खरे मार्क सांगितलेत — लग्नानंतर, पण सांगितलेत. हे नाही. आज सांगतोय ते मन हलकं करायला, असं समजू नका. माझं मन आहे तेवढंच जड राहू दे, माझी हरकत नाही.

आधी धंदा सांगतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर कुठलं बटण कुठं असावं, केवढं असावं, दाबणाऱ्याला ते न विचारता कसं कळावं — हे ठरवायचा मला पगार मिळतो. इंग्रजीत त्याला भारदस्त नाव आहे. वडील मात्र गावी, वारूळवाडीत सांगायचे, पोरगा पुण्यात बटणांच्या कामाला आहे. ऐकणाऱ्याला वाटायचं, शर्टाच्या.

त्याआधी, नव्वदच्या दशकात, मी नारायणगावात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवायचो. एकदा एका मालकाच्या वडिलांचं नाव इतकं नक्षीदार काढलं की मालक ट्रॉलीभोवती दोन चकरा मारून म्हणाला, "राव, दिसतंय लई झ्याक. पण लिवलंय काय?" माझ्या धंद्याचं सगळं शास्त्र त्यानं तिथंच सांगून टाकलं होतं. मी काय केलं? हसलो, आणि अक्षरांना आणखी सावली दिली.

मग कॉम्प्युटर क्लास, मग पुण्यात एका छोट्या कंपनीत चिकटलो. तिथं दूध डेअऱ्यांसाठी एक प्रोग्रॅम चालला होता. सभासदाचा नंबर टाकायचा, दूध काट्यावर ठेवायचं, हिरवं बटण दाबायचं — वजन त्याच्या नावावर जमा. पडदे माझे. पहिलं मशीन बसलं आमच्याच भागात, डिंगोऱ्याच्या अलीकडच्या एका वाडीत. वाडीचं नाव सांगणार नाही. ती माझ्या चुलत्यांची वाडी.

आणि त्या मशीनवर बसली सुनंदावहिनी — माझ्या चुलतभावाची बायको. माहेर घोडेगावकडचं, दहावी शिकलेली. डेअरीत टेबलामागं बसलेली ती वाडीतली पहिली बाई. भावाचा विरोध होता. तिनं घरात आठवडाभर अबोला धरून तो मोडला होता. शिकवलं मीच. एक दुपार. एक माणूस, एक किटली, नंबर, हिरवं बटण. मी म्हणालो, बाकीचं मशीन बघतं.

बाकीचं म्हणजे काय, ते सांगायला हवं. माझी एक हुशारी होती त्यात. किटली उचलली आणि काटा जरा वेळ मोकळा राहिला, की आधीचं नाव आपोआप पुसलं जायचं. बाईला एक बटण कमी. केवढा अभिमान होता मला त्याचा! काटा मोकळा राहिला नाही तर? तर जुनं नाव तसंच राहायचं, आणि नवा नंबर टाकला तरी मशीन तो मुकाट गिळून टाकायचं. वर नाव दिसायचं — बारीक, फिक्या आकाशी रंगात. लई झ्याक.

आता मला सांगा, आमच्याकडं दूध कोण घालतं? ज्याला वेळ आहे तो. एक बाई निघाली की शेजारणी आपापल्या किटल्या तिच्याच हातात देतात. मी स्वतः शाळेत जाताना तीन घरांच्या किटल्या सायकलला लटकवून नेलेल्या आहेत. मला हे माहीत नव्हतं? पुण्यात खुर्चीवर बसलो आणि आमची वाडी डोक्यातून गेली, एवढंच.

वहिनीची सासू, माझी काकू, रोज तीन घरांचं दूध घेऊन यायची. एक किटली उतरली की लगेच दुसरी काट्यावर. वहिनी प्रत्येक वेळी बरोबर नंबर टाकायची, हिरवं बटण दाबायची. आणि तिन्ही घरांचं दूध काकूच्या नावावर चढायचं. दुधाचा पगार वाटला तेव्हा शेजारणी ओरडल्या. दोन-तीन घरांचं दूध आणणाऱ्या इतरांचंही तसंच झालं होतं, पण ते कोण बघतो? डोळ्यात भरलं ते एकच — सुनेनं सासूच्या नावावर गावाचं दूध ओढलं.

मला पुण्याहून बोलावलं. डेअरीपुढं सगळी वाडी बसलेली. मी मशीन उघडलं, काकूच्या ओळी बघितल्या, आणि — हे नीट ऐका — मला तिथल्या तिथं कळलं. चेअरमन म्हणाले, "मशीन चुकतंय का माणूस, येवढंच सांग."

मी म्हणालो, "मशीन चुकत नाही, आप्पा."

वहिनी उठून उभी राहिली. "भाऊजी, तुमी शिकवलं तसंच दाबत व्हते मी."

"शिकवलेलं सगळ्यांच्याच लक्षात राहतं असं नाही, वहिनी."

झालं. तिला त्याच दिवशी उठवलं. वाडीत तिला दूधवाली म्हणायला लागले, आणि ते म्हणायचे चोर म्हणावं तसं.

लहान होतो म्हणू? सव्वीस वर्षांचा घोडा होतो. नोकरीची भीती होती म्हणू? खोटं आहे. साहेब फार तर म्हणाला असता, दुरुस्त कर. मला फक्त माझ्या माणसांपुढं हुशार राहायचं होतं. बस.

पुण्यात येऊन मी गुपचूप पडदा बदलला. प्रत्येक किटलीला मोठ्या काळ्या अक्षरात प्रश्न — दूध कुणाचं? पुढं मोठ्या कंपनीत मुलाखत झाली. तिथं मी सांगितलं, मी खेड्यात जाऊन माणसं बघितली, एकाच्या हातात तिघांचं दूध असतं हे मला दिसलं. लगेच घेतलं त्यांनी. तेव्हापासून तीच गोष्ट सांगतो. कॉलेजांत सांगतो. पडद्यावर वहिनीचा फोटो लावतो, शिकवलं त्या दुपारचा, बटणावर बोट, हसतेय. शेवटी म्हणतो, वापरणारा कधीच चुकत नाही. पोरं टाळ्या वाजवतात. मी त्या घेतो. पुढच्या महिन्यात परत एका कॉलेजात बोलायचं आहे, परत घेईन.

पुतणीच्या साखरपुड्यात वहिनी वाढायला होती. माझ्या पानात तिनं आग्रहानं जिलेबी वाढली. मी खाल्ली. दोन.

तिनं एकही बटण चुकीचं दाबलं नव्हतं. हे त्या बैठकीत एकट्या मला माहीत होतं, आणि अजूनही वाडीत कुणाला माहीत नाही. तिलाही नाही. इतक्या वर्षांत तीसुद्धा धरून चालली असेल, की आपलंच बोट कुठंतरी चुकलं.