शिवमूर्ती अप्पांनी दोनदा टाळलेलं ऑपरेशन

औशाच्या बसस्टँडमागं शिवमूर्ती अप्पांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे. अप्पांचं वय सहासष्ट. हात चालतो तेवढं तोंड चालत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या जांघेत हर्नियाचा फुगवटा आला. उभं राहिलं की बाहेर यायचा, आडवं झालं की आत जायचा. अप्पा गिऱ्हाइकाकडं पाठ करून तो हातानं आत ढकलायचे आणि पुन्हा कामाला लागायचे.

मुलगा वीरेश पुण्याला कंपनीत. सासू गेल्यापासून सून अंजूच अप्पांचं सगळं बघायची. तिनं दोनदा लातूरला ऑपरेशनची तारीख ठरवली, दोन्ही वेळा अप्पांनी काहीतरी काम काढून ती टाळली. अप्पा भितात, असं वीरेश फोनवर म्हणायचा. अंजूला तसं वाटत नव्हतं. पण सासऱ्याच्या जांघेच्या दुखण्याबद्दल सुनेनं विचारावं तरी किती?

यंदा जुलैत, फवारणीच्या गर्दीत, तो फुगवटा आत जाईना. तासभर पडून राहिल्यावर गेला, पण अप्पांचा चेहरा पांढराफटक पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच अंजूनं त्यांना लातूरच्या एसटीत बसवलं.

तिथल्या दवाखान्यातल्या सर्जन डॉक्टर धम्मप्रिया मूळच्या अहमदपूरच्या. त्यांनी अप्पांना तपासलं, त्यांची खाली गेलेली नजर बघितली आणि अंजूला जरा बाहेर बसायला सांगितलं. मग कागदावर चित्र काढून स्नायू कुठं फाटलाय, आतडं कसं बाहेर येतं, ते अडकून बसलं तर जिवावर कसं बेततं, सगळं समजावलं. फाटलंय तिथं जाळी बसवायची, हे ऐकल्यावर अप्पा पुढं सरकले. जाळी गंजते का, किती वर्षं टिकते, असं त्यांनी बारकाईनं विचारून घेतलं. माणूस घाबरलेला नाही, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं.

"काका, दोनदा तारीख घेऊन आला नाहीत. कामून?"

अप्पांनी सदऱ्यावरून छातीवर हात ठेवला.

"हे काढावं लागतंय म्हणून."

सदऱ्याखाली चांदीच्या डबीत इष्टलिंग होतं. लिंगायत घरात ते लहानपणीच गळ्यात येतं आणि जीव असेपर्यंत अंगावेगळं करत नाहीत. अप्पांचे वडील वीरण्णा यांचं ऑपरेशन झालं तेव्हा कुणीतरी डबी काढून ठेवली होती. शुद्धीवर आल्यावर म्हातारा रात्रभर छाती चाचपत राहिला. सकाळी डबी एका नातेवाइकाच्या पिशवीत सापडली. बापाला रडताना अप्पांनी तेवढं एकदाच पाहिलं होतं.

डॉक्टर म्हणाल्या, ऑपरेशनला विजेचं यंत्र वापरतात, म्हणून चांदीची डबी चालणार नाही. "पण काका, तुम्हाला पूर्ण भूल द्यायची नाही. कमरेत सुई देणार. कमरेखाली कळणार नाही, बाकी तुम्ही जागेच. हात तुमचे तुमच्याकडंच."

अप्पांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. ठरलं ते असं: डबी अंजूकडं राहील, लिंग स्वच्छ कापडात गुंडाळून अप्पांच्या डाव्या मुठीत, सलाईन उजव्या हाताला. रोजच्या पूजेतही ते डाव्या तळहातावरच असतं.

"आन् झोपवायचीच पाळी आली तर?"

"तर कापडासकट हाताला पट्टीनं बांधीन. काढणार नाही."

अप्पांनी मान हलवली. मग त्यांना खोकल्याची उबळ आली. डॉक्टरांनी विचारल्यावर दुकानामागं जाऊन बिड्या ओढत असल्याचंही त्यांनी सांगून टाकलं. खोकल्यानं टाक्यांवर ताण येतो, म्हणून महिनाभर बिडी बंद आणि मगच ऑपरेशन, मधेच फुगवटा अडकला तर मात्र तडक यायचं, असं ठरलं. सुनेला एवढं सांगू नका, अशी अप्पांनी हळूच विनंती केली.

परतीच्या एसटीत अंजूनं विचारलं, "मामा, बिडीचं सांगितलं न्हवं डॉक्टरला?"

अप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. "हाव," ते म्हणाले. "आजपासून बंद."

महिन्यानं, पहाटे पूजा करून, उपाशीपोटी अप्पा ऑपरेशनच्या टेबलावर आडवे झाले. खोली गार होती. मूठ छातीवर, ओठ नुसते हलत होते. मधेच पडद्यापलीकडून डॉक्टर म्हणाल्या, "काका, जाळी बसली."

"नीट बसवा," अप्पा म्हणाले. "पुन्हा खोलायला लागू नये."

खोलीत सगळे हसले.

वॉर्डात आणल्यावर त्यांची मूठ उघडेना, बोटं आखडली होती. अंजूनं पदर सावरला आणि ती एकेक बोट हलक्या हातानं चोळून मोकळं करत राहिली. तिनं डबी पुढं धरली, अप्पांनी लिंग स्वतःच्या हातानं आत ठेवलं. दोरा तेवढा तिनं मानेमागं बांधला. अप्पांनी डोळे मिटून घेतले.

दिवाळीपर्यंत ओझं उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अप्पा दसऱ्यालाच दुकानात येऊन बसले. पंप मात्र अंजू उचलून त्यांच्यापुढं ठेवते.