धर म्हणायचं नाही

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या कबड्डी संघाला पकडीसाठी वेगळा प्रशिक्षक हवा होता, आणि त्या एका जागेपायी मी माझ्याच गुरूंशी वाकडं घेतलं असं अंबाजोगाईत बरेच दिवस बोललं गेलं. लोकांना काय, चहासोबत काहीतरी लागतंच. सरांचं आणि माझं वाकडं कधीच आलं नाही. पण सरांना सोडून मी त्या जागेवर एका कोवळ्या पोरीला घेतलं, हे मात्र खरं आहे.

संघाची मुख्य प्रशिक्षक मी. खेळायचे तेव्हा चढाई करायचे, म्हणजे समोरच्यांच्या अंगणात घुसायचं, हात लावायचा आणि पळून यायचं. हे चोराचं काम मला चांगलं शिकवता येतं. पकडणं हे पोलिसाचं काम, आणि तिथं आमचा डावा कोपरा कच्चा होता. सात जणींच्या रांगेत अगदी टोकाला जी उभी असते, तिनं चढाई करणारीचा मागून घोटा धरायचा असतो. आमची कोपऱ्यातली मुलगी युसूफ वडगावची, अंगापिंडानं दणकट, भीती कशाशी खातात ते ठाऊक नसलेली. तरी दर सामन्यात ती घोट्यावर झडप घालायची आणि रिकाम्या हातानं तोंडावर पडायची.

जागेसाठी दोघं आले. एक माझे सर, घाटनांदूरकडचे. जिल्ह्यातल्या निम्म्या पोरांना पकड त्यांनी शिकवली, मलाही मातीत त्यांनीच उतरवलं. निवृत्त झाले होते, पण घरी बसवत नव्हतं. दुसरी नेकनूरजवळच्या धनगर वस्तीवरची मुलगी. आदल्या वर्षापर्यंत विद्यापीठाच्या संघात डाव्या कोपऱ्यात खेळत होती, मग गुडघा गेला आणि डॉक्टरांनी खेळणं बंद करायला सांगितलं. प्राचार्यांनी शिकवण्याचा अनुभव विचारला, तेव्हा मान खाली न घालता तिनं ‘न्हाई सर’ एवढंच उत्तर दिलं. संस्थेचे अध्यक्ष आमच्या भागातले मोठे बागायतदार, राजकारणातलं वजनदार माणूस. ते मिशीत हसले. मला तिची कीव आली. खेळता येत नव्हतं, आणि शिकवायलाही कुणी घेतलं नसतं तर मैदानाशी तिचा संबंधच संपत होता. ती तसं बोलली नाही. बोलत असताना तिची नजर सारखी खिडकीतून खालच्या मॅटवर जात होती, त्यावरून मला ते कळलं.

मी म्हटलं, खोलीत बसून काय कळणार, खाली चला. मुलींना सराव सामना लावून दिला आणि दोघांनाही एकच काम सांगितलं: आमच्या कोपऱ्याचं काय चुकतंय ते सांगा. सर कठड्याजवळ खुर्चीत बसले. ती पोरगी मात्र मॅटच्या कडेला चक्क पालथी पडली, हनुवटी हातावर टेकवून. प्राचार्य माझ्याकडे बघायला लागले. मी खांदे उडवले.

कोपरा नेहमीप्रमाणे दोनदा पडला. सर म्हणाले, पोरगी उशिरा निघते. मलाही तेच वाटत होतं. मग मी तिला विचारलं. ती उठली, कपड्यांवरची धूळ झटकली आणि म्हणाली, “लई लवकर निघती, मॅडम. आपुन समदे ‘धर’ म्हणलो, की तिची टाच उठती.”

आम्ही खरंच ओरडत होतो. ओट्यावर मी, प्राचार्य, शिपाई, सायकल स्टँडवरची पोरं, झाडून सगळे. आमच्याकडे कबड्डी बघायची म्हणजे ‘धर’ म्हणून ओरडायचंच, त्याशिवाय पाहिल्यासारखं वाटत नाही. मी पुन्हा डाव लावला आणि स्वतः बघितलं. ‘धर’ आलं की टाच उठत होती. चढाई करणारीचा पाय अजून तिथं पोहोचलेलाही नसायचा. आमच्या पोरीला घाई नव्हती, ती आमचं ऐकत होती. इतकी वर्षं मी त्या मैदानावर उभी आहे आणि हे मला दिसलं नव्हतं. सरांनीही खुर्ची पुढं ओढली.

मी तिच्यासाठी हटून बसले. अध्यक्षांचं म्हणणं, टाचा बघता येणं वेगळं आणि संघ सांभाळणं वेगळं, उद्या चार लोकांपुढं हरलो तर ही पोर काय करणार? यात त्यांचं काही चुकत नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला. शेवटी तडजोड झाली. हंगामात दोन स्पर्धा होत्या, आधी बीडला आणि मग केजला. तोवर ती राहणार. जमलं नाही तर सरांना बोलवायचं.

दुसऱ्या दिवसापासून मुली तिला ताई म्हणायला लागल्या, आणि तिनं आमच्या मैदानावर एक शब्द बंद केला. आता ‘धर’ हा आपल्याकडे काय साधा शब्द आहे? आई भाजीची पिशवी देते तेव्हा ‘धर’ म्हणते, वाढताना ‘धर’ म्हणते, कडेवरचं पोर दुसऱ्याकडे देताना ‘धर’ म्हणते. ऐकलं की हात आपोआप पुढं होतो, विचार नंतर येतो. ती म्हणायची, हे पोरींच्या अंगातनं काढायचं. मग दिवसभर कुणीही, कुठंही, कशासाठीही ‘धर’ म्हणालं तर कोपऱ्यातल्या मुलीनं हलायचं नाही. बाकीच्या जणी तिच्याभोवती उभ्या राहून गळा फुटेस्तोवर ‘धर धर’ करायच्या आणि ती पायाकडे बघत उभी. “येऊ दे,” ताई हळूच म्हणायची, “अजून येऊ दे.” पाय नीट पोहोचला की मगच झडप. महिनाभरात त्या पोरीच्या हातून घोटा सुटेना झाला. मी संध्याकाळी ओट्यावर बसून नुसती बघत राहायचे. गुडघ्याला पट्टा बांधलेली ती पोर मॅटवर पालथी पडलेली असायची, आणि माझ्या सगळ्या मुली तिच्या एका ‘येऊ दे’वर श्वास धरून उभ्या.

एकदा मी कोपऱ्यातल्या मुलीला माझा चहाचा कप द्यायला गेले. ‘धर’ म्हटलं आणि हात सोडला. ती दोन्ही हात मागं बांधून ढिम्म उभी. कप फुटला, साडीवर चहा. मी जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सगळ्या हसल्या, ताईसुद्धा. तो कप काय सांगत होता ते आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही.

कळलं ते बीडला, उपांत्य सामन्यात. शेवटची चढाई. एका गुणानं आम्ही पुढं. समोरची मुलगी आमच्या उजव्या बाजूला वाकली, पाठ आमच्या कोपऱ्याकडे आणि पाय अगदी हाताशी. आमच्या उजवीकडे घाटनांदूरची मुलगी होती. चढाई करणारीचा चेहरा तिच्याकडे होता, त्यामुळं ती कधी वळणार हे फक्त तिलाच दिसत होतं. तिनं बरोबर त्या घटकेला हाक दिली. तिच्या तोंडून जो शब्द यायचा तोच आला: ‘धर’. आणि आमचा कोपरा ढिम्म. चढाई करणारी दोघींना हात लावून रेषेपार गेली. सामना गेला.

कोपऱ्यातली मुलगी मॅटवरच बसली. “ताईनंच सांगितलंतं,” ती रडत म्हणाली, “धर म्हणलं तर जायचं न्हाई म्हणून.”

आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो. मला अध्यक्षांचा फोन आला, आवाज न चढवता त्यांनी केजची आठवण करून दिली. मी तणतणतच होते. शेजारी येऊन बसलेल्या ताईला मी सरळ म्हटलं, की दोन हंगाम काढलेल्या कुठल्याही प्रशिक्षकाला हे आधीच दिसलं असतं. तिनं वाद घातला नाही. म्हणाली, “शब्द काढून घेतला, मॅडम. त्याच्या जागी दुसरा दिला न्हाई. ही चूक माझीच हाय.” मग पुढं जाऊन तिनं तेच सगळ्या मुलींना उभ्यानं सांगितलं, सीटच्या दांड्याला धरून, बस खड्ड्यांतून जात असताना. मी माझ्या पहिल्या पराभवाचं खापर पंचांवर फोडलं होतं. तिच्या वयात हे बळ कुठून आलं असेल याचाच विचार मी घरापर्यंत करत होते.

सकाळी नवा शब्द शोधायला सगळ्या गोल बसल्या. एकीनं ‘हाण’ सुचवला, तर लोक तेही ओरडतात. ‘चल’ म्हणावं तर समोरच्याही म्हणतात. कुणीतरी एका मुलाचं नाव घेतलं, त्यावर इतका दंगा झाला की मला दटावावं लागलं. उन्हं चढली, काही ठरेना. शेवटी घाटनांदूरची मुलगी वैतागून म्हणाली, “ताई, भाकर.” तिला भूक लागली होती, एवढाच त्याचा अर्थ.

ताई ताडकन उठली. म्हणाली, हाच. मैदानाच्या कडेला उभं राहून भाकर म्हणून कोण वरडणार?

मी कपाळावर हात मारला. पण केजपर्यंत आमच्या मैदानावर भाकर हा खायचा पदार्थ राहिला नाही. शब्द हळू म्हणायचा, ओरडायचा नाही, असं ठरलं. डबा उघडताना मुली त्याला ‘ते गोल’ म्हणायला लागल्या.

केजला मंडप भरलेला होता. आसपासच्या गावांतून आमच्या मुलींचे बाप, चुलते, भाऊ आलेले. अध्यक्ष पहिल्या रांगेत, आणि त्यांच्या शेजारी माझे सर. सरांना अध्यक्षांनीच बोलावून घेतलं होतं. कशासाठी ते मला न विचारता कळलं, तिलाही कळलं असणार. तिनं लांबूनच सरांना नमस्कार केला आणि बाकाच्या टोकाला बसून राहिली.

सामना पुन्हा शेवटच्या चढाईवर आला, पुन्हा एकाच गुणाचा फरक. समोरची मुलगी उजवीकडे वाकली. सगळा मंडप उठून ‘धर’ म्हणून ओरडायला लागला. त्यात मीही होते. किती ठरवलं तरी माझ्या तोंडून निघालंच. शेजारून ताईनं माझं मनगट पकडलं.

“येऊ द्या, मॅडम.”

मी गप्प झाले. एवढ्या गदारोळात आमच्या पोरीची टाच मॅटला चिकटलेली होती, तिच्या बापाचा आवाज त्यात असूनही. घाटनांदूरच्या मुलीचे ओठ हलले. ऐकू काही आलं नाही, फक्त दिसलं. आणि कोपरा निघाला, एकदाच. दोन्ही हात घोट्याभोवती पडले आणि सुटले नाहीत. मला हात जोडावेसे वाटले, कुणाला ते मात्र समजेना. मनगटावर ताईची बोटं अजून तशीच होती.

मुली मंडपात नाचत असताना अध्यक्ष सरांना घेऊन आमच्याकडे आले. त्यांनी अभिनंदन केलं, पण माणूस मुरलेला, एका सामन्यावर भाळणारा नाही. तिच्या समोरच त्यांनी सरांना विचारलं, की आता पुढच्या वर्षापासून जागा तुम्ही सांभाळणार ना. तिनं गुडघ्याचा पट्टा सोडायला खाली वाकून घेतलं. मी तोंड उघडणार होते. सरांनी मला हातानंच थांबवलं.

“साहेब, मी समदी उमर ‘धर’ म्हणून वरडलो,” ते म्हणाले. “ही जागा भरलेली हाय.”

अध्यक्षांनी एकदा सरांकडे, एकदा तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली. आमच्याकडे तेवढ्यावर नेमणूक होते. ती सरळ उभी राहिली. डोळे भरले होते, पण बोलली कामाचंच. म्हणाली, सर, मला कोपऱ्यातलं कळतं, मधल्या पोरींना काय सांगावं ते अजून कळत न्हाई, तर शनिवारी येत जाल का? सरांनी हो म्हटलं. पण आधी एक सांग, ते म्हणाले, त्या पोरीनं हळूच काय म्हटलं?

हरलेला संघ आमच्या पलीकडेच बसला होता. तिनं इकडं तिकडं बघितलं, टाचा उंचावून सरांच्या कानाशी गेली आणि शब्द सांगितला. सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान डोलावली. मग तो सगळ्या जिल्ह्याला पकड शिकवलेला म्हातारा, नव्या पोरानं पाठ करावा तसा, तो शब्द दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून बघू लागला.