टेकचंद धावायचा, घडी माझ्या हातात

टेकचंद गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्याच्या बांधीत, भाताच्या खाचरात, उभा राहून त्यालाच शिव्या घालत होतो, उशीर केला म्हणून. साडेसहा वाजून गेले, हा नाही, ह्याची कुत्री नाही... इतक्यात वहिनींचा फोन. बुटाची नाडी बांधायला वाकला तो वर उठलाच नाही. याला महिना झाला. आमच्या धानाच्या मुलखातल्या गोरेगावातले लोक समजावतात, मास्तर, गेलेल्या माणसावर कोणी रागावतं का. मी रागावतो. आज समोर आला तरी कानाखाली वाजवीन, आणि मी पीटीचा मास्तर होतो, माझी थप्पड तिरोड्यापर्यंत ऐकू जायची.

एसटीत कंडक्टरकी करून निवृत्त झालेल्या माणसानं गुमान घरी बसावं. ह्यानं मोबाइलवर परदेशातली कुत्री अडथळ्यांवरून उड्या मारताना पाहिली आणि ह्याच्या अंगातच आलं. डॉग अजिलिटी. शेजारी म्हणायचे, कुत्र्याची पीटी. धान निघालेल्या बांधीतली धसकटं खणून त्यानं मैदान केलं. उडीसाठी आडवे बांबू बांधले, दोन्ही तोंडं कापलेल्या ड्रमचा बोगदा केला, नागमोडी पळायला बैल हाकायच्या काठ्या, तुताऱ्या, रोवल्या. कुत्री लाखोळीच्या दाण्याएवढी, म्हणून नावही लाखोळीच. मुळ्याची जुडी तिच्यापेक्षा जड. पण उडी अशी, की एकदा तिनं बांबूवर झेप घेतली, मी चहा पिऊन परत आलो तरी ती हवेतच होती. उडी नीट जमली की टेकचंद तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच वाजवायचा, टिकटिक, आणि एक फुटाणा द्यायचा. आयुष्यभर प्रवाशांनी ऐकलं नाही, कुत्रीनं ऐकलं.

या खेळात माणसालाही कुत्र्याबरोबर पळावं लागतं, हातानं, खांद्यानं वाट दाखवत. एकदा मी विचारलं, या वयात तुला झेपते का रे.

"डाक्टरनंच धावाले सांगतलं," तो म्हणाला. "तू फक्त घडी पकड, मास्तर."

पकडली. नागपूरच्या स्पर्धेत उतरायचं त्यानं ठरवलं होतं, म्हणून रोज सकाळी मी स्टॉपवॉच घेऊन बांधावर उभा. दोन सेकंद जास्त लागले की गावाला जाग येईल असा ओरडायचो. रोवणी करणाऱ्या म्हाताऱ्या चिखलातून तुझ्यापेक्षा जोरात चालतात, म्हणायचो. तो कंबरेवर हात ठेवून हसायचा. मला वाटायचं, हसतो आहे...

तेरवीच्या दिवशी वहिनी माझ्यासमोर येऊन बसल्या. म्हणाल्या, "भाऊजी, डाक्टरनं ह्यायले धावाले मनाई केली होती. हे म्हणत, मास्तर घडी घेऊन उभा रायते, जास्त धावूच देत नाही." मग आवाज न चढवता विचारलं, "तुमी त पाहून राहत होते ना? मंग काऊन नाही थांबवलं?"

पाहा ह्याचा डाव. बायकोला सांगितलं मास्तर थांबवतो, मला सांगितलं डॉक्टर पळवतो. दोघांनाही तिकीट फाडून दिलं आणि आपण फुकट बसला. मी जन्मभर थापा मारल्या, माझ्या एकाही थापेनं कोणाचं नखही दुखलं नाही. ह्यानं दोनच मारल्या. हरामखोर.

त्या दिवशी मी वहिनींसमोर मान खाली घालून पाणी प्यायलो. समोर बसून सांगायची छाती होत नाही, म्हणून इथं छापून सांगतो. वहिनी, मला माहीत नव्हतं. थांबवणं दूरच, जोरात पळ म्हणून मी त्याच्यावर ओरडत होतो. या लेखात बाकी मी काही फुगवलं असेल, हे नाही.

लाखोळीला परवा मी बांधीत नेलं. तिनं तीन बांबू झरझर पार केले आणि बोगद्यापाशी येऊन बसली. शेवटच्या महिन्यात ती अशीच मध्ये बसू लागली होती, आणि मी टेकचंदला म्हणायचो, लाडानं बिघडवली तू कुत्री. परवा हाक मारली, हात केला, उठेना. मान वळवून मागे बघत राहिली, रिकाम्या बांधीकडे... माणसाचा दम परत यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ थांबली. मग आपणच उठून बोगद्यात शिरली.