गंगूअक्कांची सहाची कोंडाळी

लोकशाहीत प्रत्येक प्रश्न चर्चेने सुटतो, यावर गंगूअक्कांची नितांत श्रद्धा होती. आमच्या गावच्या सभांनंतर फुटलेली डोकी शिवता शिवता ती त्यांच्यात रुजली.

चिटगुप्प्याजवळच्या आमच्या गावात त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त झाल्या तेव्हा निम्म्या गावाच्या कपाळावर त्यांचे टाके होते. "दोनशे माणसं एका जागी बसली की डोस्कं एकच ऱ्हातंय," त्या म्हणत, "आन ते बी तापलेलं. सहा-सहा बसवा."

पहिल्या सभेत लोक सहा-सहा बसले, पण भावकी-भावकीने. एरवी एक मारामारी व्हायची, त्या दिवशी अकरा झाल्या. "चूक माजी," कुणाच्या तरी भुवईला टाका घालत अक्का म्हणाल्या. "मी टोळ्या करून दिल्या." पुढे त्या दारातच काठ्या नि चपला काढून घेत आणि वैऱ्यांना मांडीला मांडी लावून बसवत. नियम एकच. आधी समोरच्याचे म्हणणे आपल्या तोंडाने सांगायचे. तो 'व्हय' म्हणाला, की मग आपले.

ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीला नळ द्यायचा का, यावर शाळेच्या पटांगणात सभा होती. पाइप बसवंतअप्पांच्या शेतातून जाणार होता, आणि चर खोदायला आलेल्या दोघांना अप्पांनी कुऱ्हाडीच्या दांड्याने झोडपले होते. अक्कांनी त्यांना वस्तीतल्या गौतमसमोर बसवले. शाळेचा मास्तर म्हणून इतिवृत्त माझ्याकडे होते.

"अप्पा, गौतमचं म्हणणं काय हाय?"

"फुकटचं पाणी पायजे म्हणतोय."

"असं म्हणलो न्हाई मी," गौतम म्हणाला.

"कामून छळायलाव, अक्का?"

"पुन्ना सांगा."

अप्पांनी दात आवळले. "ह्याची बायकू पाणी शेंदताना माज्या हिरीत पडली. हात मोडला. घरात नळ असता तर पडली नसती."

"व्हय," गौतम म्हणाला.

शेजारच्या कोंडाळ्यात अप्पांचा पुतण्या होता. त्याने काकांचे तेवढेच बोलणे ऐकले आणि काका फितले असे ठरवले. "काय पाजलाव रे माज्या काकाला?" म्हणत त्याने दगड भिरकावला. गौतम वाकला. दगड अक्कांच्या डाव्या डोळ्यावर बसला.

त्यानंतर विटा, खुर्च्या आणि शाळेची घंटा वापरात आली. अप्पांनी पुतण्याला नाकातोंडातून रक्त येईस्तोवर तुडवले. प्रत्येक लाथेसरशी ते गौतमवर ओरडत होते, "ने रं तुजा पाइप! माज्या शेतातनंच ने!"

अक्कांचा डोळा गेला. बीदरच्या दवाखान्यात पट्टीखालून त्यांनी पहिले विचारले, "ठराव झाला का?"

"झाला म्हणायचं. पण चर्चेनं नाही, अक्का."

"मास्तर, नळ पायजे का खरं पायजे? लिव्हा."

मागच्या वर्षी अक्का गेल्या. वस्तीत नळाला पाणी येते. इतिवृत्तात माझ्या अक्षरात नोंद आहे: 'सविस्तर चर्चेअंती ठराव एकमताने मंजूर. सभा शांततेत पार पडली.'